रिकाम्या गादीचा वसूल



मध्ययुगीन इंग्लंडमधील राजा आणि धर्मपीठ यांच्या झगड्याकडे दोन सत्ताधाऱ्यांच्या मानापमानाचे नाटक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. बिशपच्या हाती अंगठी आणि धर्मदंड कोणी द्यावा, या प्रश्नावर सारे राज्य ढवळून निघावे, हे आज विचित्र वाटते. परंतु त्या अंगठीमागे जमीन होती आणि जमिनीमागे वसूल होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या झगड्याचे खरे स्वरूप उकलू लागते.

१०८६ सालच्या ‘डूम्सडे’ पाहणीनुसार इंग्लंडमधील जवळजवळ एकचतुर्थांश जमीन चर्चच्या ताब्यात होती. बिशप हा धर्मगुरू तर होताच, शिवाय राजाला घोडेस्वार पुरविणारा मोठा जहागीरदारही होता. जहागीरदार वारला की वारस रुजू होईपर्यंत जहागिरीवर राजाचा ताबा, हा सरंजामी रिवाज. बिशपला वारस नसे. त्याच्या जागी माणूस नेमणे राजाच्या मर्जीवर. साहजिकच नेमणूक जितकी लांबेल तितका राजाचा लाभ. १०८९ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप लॅनफ्रँक वारला, तेव्हा दुसऱ्या विल्यमने ती गादी सुमारे चार वर्षे रिकामी ठेवली आणि तिचे उत्पन्न स्वतःकडे घेतले.

१०९३ च्या मार्चमध्ये राजा मरणाच्या दारी गेला. त्या भयाने त्याने बेक मठाचा अधिपती आन्सेल्म याची निवड केली. साठीला आलेला हा तत्त्वचिंतक मुळीच तयार नव्हता. त्याच्या मिटलेल्या मुठीवर धर्मदंड दाबून धरावा लागला. राजा बरा झाला आणि त्याला पैसा हवा झाला. आन्सेल्मने ५०० पौंड देऊ केले. राजाला ते अपुरे वाटले. अधिक मागणी झाली तेव्हा आन्सेल्मने नकार दिला. आधीच नागवल्या गेलेल्या कुळांची आता कातडी सोलावी काय, असा त्याचा आशय त्याचा चरित्रकार ईडमर याने नोंदविला आहे.

१०९५ मध्ये रॉकिंगहॅमच्या सभेत पोपला मान्यता देण्याचा प्रश्न आला. तेथे बहुतेक बिशपांनी आपल्याच आर्चबिशपची साथ सोडली. त्याला दूर लोटण्यास नकार दिला तो सरदारांनी. आज त्याच्यावर आलेला प्रसंग उद्या आपल्यावर येईल, हे त्यांना उमगले असावे. राजाने नेमलेले धर्माधिकारी राजाचेच ओशाळे राहिले, यात नवल नाही. १०९७ मध्ये आन्सेल्मला देश सोडावा लागला.

१०९९ मध्ये रोमच्या परिषदेने राजांच्या हातून धर्मपद स्वीकारण्यास मनाई केली. १११० च्या दशकापर्यंत हा वाद युरोपात पेटलेलाच होता. इंग्लंडमध्ये ११०० साली गादीवर आलेल्या पहिल्या हेन्रीने राज्यारोहणाच्या सनदेत रिक्त धर्मपीठांच्या उत्पन्नाला हात न लावण्याचे वचन दिले. परंतु अंगठी-दंडाचा हक्क त्याला सोडवेना. आन्सेल्म ११०३ मध्ये पुन्हा परागंदा झाला. अखेर ११०७ मध्ये लंडनला तडजोड झाली: राजाने अंगठी व दंड देणे सोडले, जमिनीबद्दल निष्ठेची शपथ मात्र कायम राहिली. प्रतीक चर्चला मिळाले, जहागिरीवरील पकड राजाकडे राहिली.

या सुधारणेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आन्सेल्मच्या ११०२ च्या वेस्टमिन्स्टर परिषदेने धर्मपदांच्या खरेदी-विक्रीवर प्रहार केला आणि माणसांना जनावरांसारखे विकण्याचा धंदा निषिद्ध ठरविला. ज्या देशात १०८६ च्या नोंदीत दर दहा माणसांमागे सुमारे एक दास होता, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. त्याच परिषदेने धर्मगुरूंच्या विवाहावरही बंदी घातली. तिचा भार त्यांच्या बायकांवर पडला. शेत कसणाऱ्या कुळाचा खंड बिशपने घ्यावा की राजाने, एवढाच वाद होता. तो खंड किती असावा, हे ठरविण्याच्या बैठकीत कुळाला कोणी बोलावले नाही.

२१ एप्रिल ११०९ रोजी आन्सेल्म वारला. त्यानंतर, सनद दिलेल्या त्याच हेन्रीने कँटरबरीची गादी १११४ पर्यंत रिकामी ठेवली. मग सनद व्यर्थ गेली काय? तसे नाही. एका शतकानंतर आर्चबिशप स्टीफन लँग्टनच्या काळात सरदारांनी राजा जॉनसमोर मागण्या ठेवल्या, तेव्हा त्यांना याच सनदेचा आधार मिळाला, आणि १२१५ च्या ‘मॅग्ना कार्टा’ने रिक्त पदांचा नव्हे तर राजाच्या स्वैर सत्तेचाच प्रश्न ऐरणीवर आणला. मधल्या काळात राजाने मोडलेले वचन जुन्या कागदावर टिकून होते; ते बजावून घेणारी संघटित शक्ती मात्र १०९५ मध्ये बिशपांजवळ नव्हती, ११०९ मध्ये कोणाजवळच नव्हती. राज्यकर्त्याकडून लेखी हमी मिळविणाऱ्या प्रत्येक चळवळीने, ती मोडली जाईल त्या दिवशी आपल्या बाजूने कोण उभे राहील, याचा हिशेब हमी मिळण्यापूर्वीच मांडून ठेवला पाहिजे.