पावसाची आघाडी



आमचे शिक्षण गोदीत झाले. धान्याची पोती उतरवताना पाऊस आला की काम बंद, आणि काम बंद की मजुरी बुडाली. त्यामुळे पाऊस केव्हा येणार, हा प्रश्न आम्हांस कधी निव्वळ पुस्तकी वाटला नाही.

१९१८ साली नॉर्वेतही तो पोटाचाच प्रश्न होता. महायुद्धामुळे बाहेरचे धान्य दुर्मीळ झाले होते. पश्चिमेकडून येणाऱ्या हवामानाच्या ताराही थांबल्या होत्या. तेव्हा शेतकऱ्यांना पावसाचा अंदाज देण्यासाठी बेर्गेनचे प्राध्यापक व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनी किनाऱ्यावर दाट निरीक्षणकेंद्रे उभारली. दीपगृहांचे रखवालदार, कोळी अशी माणसे वारा, ढग, तापमान कळवू लागली. या नोंदी नकाशावर मांडताना त्यांचे चिरंजीव याकोब यांना दिसले, की वादळातला पाऊस ठराविक रेषांलगत पडतो. १९१९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे या रेषांना रणांगणावरचेच नाव मिळाले : आघाडी.

हे घडते कसे? थंड हवा जड, उबदार हवा हलकी. दोघी सहजासहजी मिसळत नाहीत. उबदार हवा पुढे सरकली की थंड हवेच्या पाचरीवर सावकाश चढते. शंभर-दोनशे किलोमीटर जावे, तेव्हा कोठे एक किलोमीटर उंची गाठते! वर गेलेली हवा फुगते, गारठते, बाष्पाचे ढग होतात आणि रुंद पट्ट्यात संततधार लागते. उलट थंड हवा चाल करून आली, तर ती खाली घुसून उबदार हवेला झटक्याने उचलते. मग सर झोडपून जाते.

पुढे रडार आले आणि कळले, की या पट्ट्यांच्या पोटातही पट्टे असतात. काही पन्नासएक किलोमीटर रुंद. थंड आघाडीच्या तोंडाशी मात्र कधी कधी जेमतेम चार-पाच किलोमीटरांचा एक चिंचोळा पट्टा असतो, आणि खरा मारा त्याचाच.

आपला मोसमी पाऊस या जातीचा नव्हे. कोकणात तो समुद्रावरचा वारा सह्याद्रीला अडून वर चढल्याने कोसळतो. पण कायदा एकच : दमट हवा वर चढल्यावाचून पाऊस नाही.

शोधाला ब्यर्कनेस यांचे नाव लागले, ते योग्यच. परंतु दीपगृहावरच्या माणसाने आपली नोंद चुकविली असती, तर नकाशावरची रेघ तेथेच तुटली असती. अंदाज चुकला म्हणून हसण्यापूर्वी त्या माणसाची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती.