एचआयव्हीतील बुरशीजन्य मेंदूज्वर : मृत्यू कशाने ठरतो

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही बुरशी मेंदूच्या आवरणात शिरली आणि उपचार झाले नाहीत, तर रुग्ण वाचत नाही. उपचार मिळूनही अनेक जण दगावतात. २०२० सालच्या अंदाजानुसार एचआयव्हीबाधितांपैकी जगभरात वर्षाला सुमारे १,५२,००० जणांना हा मेंदूज्वर होतो आणि त्यातले सुमारे १,१२,००० मरण पावतात. एड्सच्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक या बुरशीच्या खात्यावर जातो.

बुरशी मातीत असते, झाडांच्या ढोलीत असते, कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत असते. मुंबईत कबुतरखान्यांचा वाद निघाला की तिचे नाव हमखास घेतले जाते. पण श्वासावाटे ती कितीतरी लोकांच्या फुफ्फुसात जाते आणि धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रतिकारशक्तीच्या सीडी फोर पेशींची संख्या १००च्या खाली घसरली की खरा धोका सुरू होतो. पूर्वी अशा अवस्थेत येणाऱ्यांमध्ये तपासणीच न झालेले लोक जास्त असत. अलीकडच्या आफ्रिकी अभ्यासांत निम्म्याहून अधिक रुग्ण एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधे, सुरू करून चुकलेले होते. कुणाची औषधे मध्येच सुटली, कुणाला ती लागू पडेनाशी झाली.

रुग्ण दाखल झाल्यावर सर्वांत मोठा इशारा मिळतो तो त्याच्या शुद्धीवरून. थायलंड, युगांडा, मलावी आणि दक्षिण आफ्रिका येथील ५०१ रुग्णांच्या एकत्रित नोंदी २०१४ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांतले १७ टक्के दोन आठवड्यांत आणि ३४ टक्के दहा आठवड्यांत दगावले. गुंगीत किंवा भ्रमात असलेल्यांचा धोका स्पष्टपणे जास्त होता. त्याच्या जोडीला येतो तो बुरशीचा भार, म्हणजे पाठीतून काढलेल्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये किती जिवंत बुरशी आहे हा आकडा. हा भार जितका जास्त आणि औषधाने तो जितका सावकाश उतरतो, तितका मृत्यू जवळ.

याच पाण्याचा एक थेंब काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काळ्याभोर पार्श्वभूमीवर गोल पेशी दिसतात, प्रत्येकीभोवती उजळ कडे. ते कडे म्हणजे बुरशीचे जाड कवच. चकवा असा, की बाकीचा रिपोर्ट पुष्कळदा साधाच येतो. पांढऱ्या पेशी पाचाहूनही कमी, प्रथिने जेमतेम वाढलेली. कागद बघणारा म्हणतो, ‘पाणी नॉर्मल आहे.’ एचआयव्हीच्या रुग्णात हे नॉर्मल म्हणजे वाईट खूण असते. बुरशीशी लढायला तिथे कुणी आलेलेच नाही, असा त्याचा अर्थ. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणे हीही वाईटच खूण, कारण त्यामागे बहुधा दुसरा एखादा जंतुसंसर्ग दडलेला असतो.

डोक्यातल्या दाबाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण या आजारातले टाळता येण्याजोगे मृत्यू बऱ्याच अंशी इथे आहेत. बुरशी आणि तिच्या कवचातले चिकट द्रव्य मेंदूतल्या पाण्याच्या निचऱ्याच्या वाटा बुजवतात. पाणी तयार होत राहते, पण जायला जागा उरत नाही. डोके फुटेल असे दुखते, एकाचे दोन दिसतात, नजर जाते, ऐकू येईनासे होते. सीटी स्कॅन मात्र साफ असू शकतो. दाब मोजायला लागते ती काचेची किंवा प्लास्टिकची खुणा केलेली नळी. रुग्ण कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले. सुई मणक्यात बसली की नळीतले पाणी चढू लागते. २० सेंटिमीटरपर्यंत ठीक. २५च्या वर गेले की पाणी काढायचे, दाब २०च्या खाली किंवा निम्म्यावर येईपर्यंत, आणि लक्षणे टिकली तर रोज. युगांडा व दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासात असे पाणी काढलेल्यांचा मृत्यूचा धोका ६९ टक्क्यांनी कमी आढळला, सुरुवातीचा दाब काहीही असो. एवढे असून नळीच नसलेले वॉर्ड आहेत, आणि ‘मणक्यातले पाणी काढले की माणूस जातो’ या समजुतीपोटी सही न देणारे नातेवाईकही आहेत. मॅनिटॉल लावून हा दाब उतरत नाही.

वय पन्नासच्या पुढे, कमी वजन आणि रक्तक्षय या गोष्टीही धोका वाढवतात. रक्तक्षय अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाने आणखी वाढतो. हेच औषध मूत्रपिंडाला त्रास देते आणि पोटॅशियम खाली आणते, म्हणून ते देण्याआधी सलाइन आणि जोडीला पोटॅशियम, हा उपचाराचाच भाग आहे.

कोणते औषध मिळते यावरही जीव अवलंबून असतो. नुसत्या फ्लुकोनॅझोलवर ठेवलेल्यांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त दहा आठवड्यांत दगावतात. अँफोटेरिसिनला फ्लुसायटोसिनची जोड दिली की जगणारे वाढतात, हे २०१३ साली व्हिएतनाममधल्या चाचणीने दाखवले. २०२२ साली आफ्रिकेतल्या पाच देशांत ८१४ रुग्णांवरच्या चाचणीतून दिसले, की लिपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल, एवढ्यावर दहा आठवड्यांचा मृत्युदर २४.८ टक्के राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी हीच पद्धत पहिल्या पसंतीची ठरवली.

घाईही मारते. एका चाचणीत बुरशीचे उपचार सुरू झाल्यावर एआरटी एक-दोन आठवड्यांत सुरू केलेल्यांपैकी ४५ टक्के सहा महिन्यांत गेले, पाच आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. पाण्यात पांढऱ्या पेशी पाचाहून कमी असलेल्यांना या घाईचा फटका सर्वाधिक बसला. म्हणून चार ते सहा आठवडे थांबायचे. क्षयाच्या मेंदूज्वरात उपयोगी पडणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड इथे उलटते. त्याने बुरशी सावकाश हटते आणि अपंगत्व वाढते, असे दिसल्यावर २०१६ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. भारतात या गोष्टीला वेगळे वजन आहे. इथे डोकेदुखी आणि ताप घेऊन आलेल्या एचआयव्हीबाधिताला क्षयाच्या गोळ्या आणि स्टेरॉइड चटकन सुरू होतात, आणि त्या गोळ्यांतले रिफॅम्पिसिन फ्लुकोनॅझोलचे रक्तातले प्रमाण खाली आणते.

उशीर हा या सगळ्यामागचा घटक. बुरशीचे प्रतिजन रक्तात लक्षणांच्या साधारण तीन आठवडे आधीपासून सापडू शकते, आणि पट्टीवरची चाचणी दहा मिनिटांत होते. सीडी फोर १००च्या खाली असलेल्या प्रत्येकाची ती करायची, २००च्या खाली असलेल्यांचीही शक्यतो. पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि प्रतिजनाचे प्रमाण १:१६० किंवा त्याहून वर असले, तर डोके दुखत नसलेल्या माणसातही बुरशी मेंदूच्या आवरणात पोहोचलेली असण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी केवळ फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या देऊन त्याला घरी न पाठवता आधी पाठीतले पाणी तपासावे लागते.