जुन्या मोटरची तपासणी

1960च्या दशकात अमेरिकेत स्लॉट कारचं वेड शिगेला पोचलं होतं. ट्रॅकच्या खाचेतून धावणाऱ्या या चिमुकल्या गाड्यांपैकी अनेकींत जपानच्या माबुची कंपनीची मोटर असे, साधारण 12 व्होल्टवर चालणारी.

अशी जुनी मोटर हाती आली, तर लगेच वीज जोडू नका. आधी दांडा बोटांनी फिरवा. अडखळला, तर बहुधा बुशिंगमधलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. मग मल्टिमीटर घ्या. दांड्यावरच्या कॉम्युटेटरला तांब्याच्या तीन पट्ट्या असतात. दोन-दोन पट्ट्यांमधला रोध मोजा. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. एखादा फारच वेगळा आला, तर वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, बिघाड आहे. पट्टी आणि दांडा यांच्यात मात्र वीज मुळीच वाहता कामा नये. पट्ट्यांवर घासणाऱ्या ब्रशमधल्या कार्बनची काळी भुकटी पट्ट्यांमधल्या फटींत साचते. ती लाकडी काडीनं हलकेच काढा.

रिवाइंडिंगची, म्हणजे नवी तार गुंडाळण्याची, घाई मला पटत नाही. मूळ तार शाबूत असेल, तर ती जपावी.

नवे ब्रश बसवल्यावर मोटर तीन-चार व्होल्टवर, भार न देता, थोडा वेळ फिरू द्या. ब्रशची टोकं कॉम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे झिजली, की ठिणग्या कमी होतात.