हातात किती येतात?

आम्ही येरवड्याहून बोलतोय, इथल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही काहीजणी. येरवडा म्हटलं की तुम्हाला तुरुंग आठवतो, नाहीतर मनोरुग्णालय. दोन्ही इथं आहेत. पण नगर रस्त्याने येणारी एसटी पुण्यात शिरते ती आमच्याच दारावरून. कॉलेजचे निकाल लागले की त्या एसटीतून तुमची मुलं-मुली उतरतात. पाठीला सॅक, हातात प्रमाणपत्रांची फाईल, आणि आईने दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. नागपूर चाळ, लक्ष्मीनगर, जयजवाननगर, जिथे कॉट मिळेल तिथे राहतात. कॉट बेसिस म्हणजे खोली नाही बरं का, एका खोलीतली एक खाट. तिथून कल्याणीनगर, विमाननगर, खराडीच्या काचेच्या इमारतींमध्ये अर्ज देत हिंडतात.

त्यांच्या पहिल्या पगाराबद्दल आज बोलायचंय. गावाकडे पोराला नोकरी लागली की पहिला प्रश्न येतो, "पॅकेज किती?" पोरगं सांगतं, "दोन लाख चाळीस." आई ऐकते, शेजारीण ऐकते, लग्नाच्या बायोडाटात तोच आकडा जातो आणि कधीकधी जाता जाता तीन लाखही होतो. दुसऱ्या महिन्यात पोरगं घरी फोन करून हजार रुपये मागतं. मग घरात कुरबुर सुरू. एवढा पगार, मग जातो कुठे? उधळतो का? मुलगी असेल तर याहून वेगळ्या शंका.

तर हे दोन लाख चाळीस हजार उघडून बघू. बाराने भागले की महिन्याला २०,००० झाले. पण कंपनी पॅकेजमध्ये स्वतः भरायचा भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआयचा वाटा हे सगळं धरते. मूळ पगार १०,००० धरला, तर कंपनीच्या पीएफचे १,२००, ग्रॅच्युइटीचे पावणेपाचशेच्या आसपास, ईएसआयचे पावणेसहाशेच्या आसपास आधीच बाजूला जातात. राहिले साधारण १७,७००. त्यातून मुलीचा स्वतःचा पीएफ १,२०० आणि ईएसआयचे सव्वाशे-दीडशे कापले जातात. हातात आले १६,४००. मुलगा असेल तर व्यवसाय कराचे आणखी २०० जातात. बाईला महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पगारापर्यंत व्यवसाय कर नाही. स्लिपवर तो कापलेला दिसला तर मुलीने पगार काढणाऱ्याकडे जाऊन विचारायचं. विचारायला लाजायचं कारण नाही.

कापलेले पैसे बुडाले असं मात्र समजू नका. पीएफचे तिचे १,२०० तिच्या खात्यावर जमतात, कंपनीच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शनमध्ये जातो. ईएसआय लागू असेल तर दवाखान्याची सोय होते, तिच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचीही होऊ शकते. पुण्यात बिबवेवाडी आणि चिंचवडला त्यांची रुग्णालयं आहेत. आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांत ईएसआयचं कार्ड पेटीत पडलेलं असतं आणि माणसं व्याजाने पैसे काढून खासगी दवाखान्यात जातात. ते वेगळं दुखणं, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

आता हातातले १६,४००. आमच्याकडे राहणाऱ्या मुलींबरोबर बसून आम्ही हिशोब मांडतो तो साधारण असा येतो. कॉटचे ४,५००. दोन वेळच्या मेसचे ३,५००. बसचा पास १,५००, कारण एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, शहरातल्या बसला ती सवलत नाही. मोबाईल ३५०. चहा-नाश्ता १,०००. साबण, पॅड, औषध, कपडे यांचे १,०००. महिन्यातून एकदा गावी जाऊन येणं ६००. झाले १२,४५०. उरले ३,९५०. यात सिनेमा नाही, मैत्रिणीचा वाढदिवस नाही, आजारपण नाही.

इथवर बहुतेक जणी हिशोब करतात. याच्या अलीकडचा हिशोब घरात कोणीच मांडत नाही. नोकरी लागायच्या आधी तिने दोन महिने तरी शोधाशोध केली, ते दोन महिने शहरात राहण्या-खाण्याचे २४,९००. कॉटचं डिपॉझिट दोन भाड्यांचं, म्हणजे ९,०००. नोकरी लागल्यावरही पगार महिना भरल्यावर येतो, त्या महिन्याचे आणखी १२,४५०. बेरीज करा. ४६,३५० रुपये. हे कोणी दिले? तुम्ही दिले. शेळी विकली, दुधाचे पैसे दिले, गटातून कर्ज काढलं आणि कारण लिहिलं 'घरखर्च'. महिन्याला ३,९५० उरतात असं धरलं, आणि त्यातली पै न् पै घरी आली, तरी हे पैसे फिटायला बारा महिने लागतात.

आम्ही हे आकडे पहिल्यांदा फळ्यावर मांडले तेव्हा एक ताई म्हणाल्या, "म्हणजे कंपनीला माणूस स्वस्तात मिळालं, कारण वरचे पैसे मी घातले." त्यांनी नेमकं बोट ठेवलं. तांदूळ, डाळ, पिठाची पिशवी गावाहून येते म्हणून मुलगी तेवढ्या पगारात टिकते. तुमचा हा वाटा ना कंपनीच्या कागदावर असतो, ना तुमच्या वहीत. निदान आपल्या वहीत तरी तो लिहायला हवा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कॉग्निझंट या मोठ्या कंपनीची नोकरभरतीची जाहिरात फोनवर फिरत होती, तुमच्यापर्यंतही आली असेल. वर्षाला २ लाख ५२ हजार. पदवीधराला महिन्याला एकवीस हजार म्हणून लोकांनी भरपूर विनोद केले. कंपनीने नंतर खुलासा केला की हा पगार तीन वर्षांची, म्हणजे इंजिनिअरिंग सोडून इतर पदवी असलेल्यांसाठी आहे, इंजिनिअरना जास्त देतो. आमच्या वस्तीत त्या विनोदांना कोणी हसलं नाही. बी.ए., बी.कॉम. झालेल्या कितीतरी मुलांना एकवीस हजार हीच मोठी रक्कम वाटत होती.

इतका कमी पगार का, हे मुलं आम्हाला विचारतात. सोपं उत्तर म्हणजे पदव्या घरोघर झाल्या आणि कामं तेवढी वाढली नाहीत. मोठ्या संगणक कंपन्यांत नव्या इंजिनिअरचा पगारसुद्धा दहा-बारा वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलाय, तेलाचा डबा मात्र रेंगाळला नाही. दुसरं, काम एका कंपनीचं आणि पगार देणारा कंत्राटदार दुसराच. मधल्या माणसाचा वाटा जातोच. तिसरं म्हणजे अनुभव मागतात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. या फेऱ्यात अडकलेलं पोर मिळेल त्या पगाराला हो म्हणतं, हे समोरच्यालाही माहीत असतं.

आणखी एक गोष्ट उघडच बोलू. आमच्या गटातल्या एक मावशी कल्याणीनगरात पाच घरी पोळ्या लाटतात. त्यांची महिन्याची कमाई या बी.कॉम. झालेल्या मुलीच्या हातातल्या पगाराएवढी होते, सणाच्या महिन्यात थोडी जास्तच. मग शिकून काय मिळालं, असं गावाकडे कोणी म्हणालं तर त्याला उडवून लावू नका, प्रश्न खरा आहे. आमचं उत्तर एवढंच, की मावशींना पीएफ नाही, पगारी रजा नाही, मनगट दुखायला लागलं की कमाई बंद. मुलीची पगारवाढ होऊ शकते. पण होऊ शकते, होतेच असं नाही. पहिल्या वर्षात ती टॅली, एक्सेल, जीएसटीचं काम, ग्राहकाशी बोलणं असं काही शिकली तर दुसरी नोकरी बऱ्या पगाराची मिळते. नुसतीच झेरॉक्स काढत बसली तर तीन वर्षांनीही तिथेच असते. म्हणून फोनवर "जेवलीस का?" विचारून झालं की "या महिन्यात नवीन काय शिकलीस?" हेही विचारा.

आता मुलींना परत बोलवायचा विषय. पारनेर तालुक्यातली एक मुलगी आमच्या शेजारच्या खोलीत राहत होती. तिच्या पदवीच्या कागदावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असं नाव छापलेलं. काम हिशोबाचं, हातात पंधरा हजार. सहाव्या महिन्यात घरून निरोप आला, "एवढ्याशा पगारासाठी पुण्यात कशाला राहतेस, स्थळ आलंय, ये." ती गेली. लग्न करू नये असं आमचं म्हणणं नाही. पण त्या घराने चाळीसेक हजार घातले होते, त्यातले निम्मेसुद्धा परत फिरले नव्हते, आणि वर्षाचा अनुभव लिहिलेला जो कागद पुढच्या नोकरीला उपयोगी पडला असता तोही सहा महिन्यांसाठी हुकला. मुलाला पंधरा हजार मिळाले तर आपण म्हणतो, "लागेल हळूहळू मार्गाला." मुलीला मिळाले तर म्हणतो, "एवढ्यासाठी कशाला?" पगार दोघांचा तेवढाच असतो.

उलट, काही नोकऱ्यांना नाहीच म्हणायला हवं. खर्च जाऊन महिन्याला काहीच उरत नसेल आणि शिकायलाही मिळत नसेल, तर आपण पदरचे पैसे घालून पोरीला दुसऱ्याच्या कामाला पाठवतोय असा त्याचा अर्थ. तीन महिने बिनपगारी ट्रेनिंग, मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडे ठेवा, नोकरी सोडलीत तर पन्नास हजार भरा, असं कोणी म्हणालं की तिथून उठायचं. नोकरी लावून देतो म्हणून आधी नोंदणीचे, लॅपटॉपचे, युनिफॉर्मचे पैसे मागणारा तर चोरच समजा. पैसे गेलेच, तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात १९३० या नंबरवर फोन करायचा. चार दिवस घरी लपवून ठेवलं की पैसे हाती लागणं अवघड होतं. म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा, फसलास तरी ओरडणार नाही, आधी फोन कर.

कायदाही थोडा माहीत हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. कामगाराला नियुक्तीपत्र देणं आता बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा, आणि नोकरी सोडली तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त, हे चालत नाही. किमान वेतन ठरलेलं असतं, ते भागाप्रमाणे आणि कामाच्या कौशल्याप्रमाणे बदलतं, म्हणून नियुक्तीपत्रावर कामाचं नाव काय लिहिलंय ते वाचायचं. हिशोब लिहिणाऱ्या मुलीला 'मदतनीस' लिहिलेलं आम्ही पाहिलंय.

गावाजवळ राहून सुरुवात करता येते का, तेही बघा. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिने, नंतर मुदत आणखी पाच महिने वाढवली. सध्या जागा आहेत का, ते जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारा. शिकाऊ उमेदवारीत पदवीधराला किमान ९,००० असं २०१९ च्या नियमांत ठरलं होतं. दोन्हीकडे मिळते ती शिकण्याची जागा, कायमची नोकरी नाही, हे मुलांना आधी स्पष्ट सांगा. नाहीतर मुदत संपल्यावर ती फसवल्यासारखी बसून राहतात. पण घरी राहून १०,००० आणि पुण्यात राहून १६,४०० यातून उरतात किती, ते मांडून बघितलंत तर आकडे तुम्हालाच बोलतील.

आमच्याकडे मुलाखतीआधी मुली बैठकीला येतात. आम्ही कंपनीवाल्या होतो, त्यांना प्रश्न विचारतो. सगळं पाठ असतं, स्वतःची ओळख इंग्रजीत फाडफाड सांगतात. "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हटलं की मान खाली. मग तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणून घेतो, "सर, हातात किती येतील? पीएफ पॅकेजमध्येच धरलाय का? पहिली पगारवाढ कधी?" तिसऱ्या वेळेला आवाज निघतो. हे तुमच्या गटातही करता येईल, खुर्ची लागते फक्त एक.

पैशांचं म्हणाल, तर आमच्या एका गटाने ठराव केलाय. मुलीने नियुक्तीपत्र दाखवलं की डिपॉझिटपुरतं १०,००० अंतर्गत कर्ज द्यायचं, व्याज महिना एक टक्का, पहिले दोन महिने फक्त व्याज आणि मग दहा हप्ते. कर्ज आईच्या नावावर, पण हप्ता मुलीच्या खात्यातून. आणि वहीत कारण 'घरखर्च' लिहायचं नाही, 'नोकरीसाठी' लिहायचं. आतापर्यंत चौघींना दिलं. तिघींचं फिटलं. चौथीचे तीन हप्ते राहिलेत, तिने मध्येच काम बदललं. नवीन ठिकाणी हातात १९,००० येतात म्हणते, पहिला पगार येत्या ७ तारखेला आहे.