चावीची आगगाडी

बाळपणीं हातांतून गेलेलें खेळणें उतारवयांत जुन्या बाजारांत पुन्हां दृष्टीस पडलें, तर माणसाचा हात नकळत खिशाकडे जातो. इंग्लंडांत चावीच्या आगगाड्या जमविणाऱ्या अनेकांच्या छंदाचा उगम असाच झालेला आहे. त्यांतील पुष्कळांच्या आवडीच्या गाड्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्यांतल्या. या गृहस्थांनीं १९०१ सालीं छिद्रांच्या पट्ट्या व नटबोल्ट यांच्या खेळण्याचें पेटंट घेतलें; तेंच पुढें मेकॅनो या नांवानें प्रसिद्ध झालें. १९२० सालीं त्यांची पहिली आगगाडी निघाली. तिच्या दोन रुळांमधील अंतर सव्वा इंच. ही गाडीहि नटबोल्टांनींच जोडलेली होती. मुलानें ती सोडवावी व पुन्हां जुळवावी, हा हेतु.

तो कारखाना १९७९ सालीं बंद पडला. म्हणून आज अशी गाडी हातीं आली, तर प्रथम वैद्याप्रमाणें तिची परीक्षा करावी लागते. ती अडून बसली असल्यास कारण बहुधा साधें असतें : जुनें तेल वाळून त्याचा डिंक झालेला असतो. दांतेरीं चाकें घासलेटानें धुवून नव्या पातळ तेलाचा एकेक थेंब दिला, कीं पुष्कळदां ती चालूं लागते. मात्र आंतील गुंडाळलेली कमान बेसावधपणें मोकळी करूं नये. ती झटक्यानें सुटून बोटें कापते.

कांहीं रोग असाध्य असतात. जस्ताच्या ओतीव चाकांत शिशाचा अल्पसा अंश मिसळला गेला असेल, तर कालांतरानें तीं फुगतात, तडकतात आणि शेवटीं बोटांत भुगा होतात. यावर औषध नाहीं; दुसरीं चाकें बसविणें हाच मार्ग.

खरी कसोटी लागते ती रंगाच्या बाबतींत. नवशिका संग्राहक उत्साहाच्या भरांत पत्रा घांसतो आणि गाडी नव्यासारखी रंगवितो. यांत दुहेरी हानि आहे. जुन्या रंगांत पुष्कळदां शिसें असतें व त्याची धूळ श्वासावाटे पोटांत जाणें घातक होय. शिवाय कारखान्याचा मूळ रंग, त्यावरील रेघा व आंकडे एकदां गेले, कीं गेलेच. म्हणून जाणता मनुष्य गंज वाढूं देत नाहीं, पण ओरखड्यांना हात लावीत नाहीं. पत्रा पार उघडा पडलेला असेल, तर तो अवश्य रंगवावा. मात्र आंतल्या बाजूस रंगविल्याचें साल लिहून ठेवावें, म्हणजे पुढें घेणाऱ्याची फसवणूक होत नाहीं.

चाकें नवीं मिळतात, कमानहि नवी मिळते. कोण्या मुलानें गाडी जिन्यावरून पाडली, तेव्हांचा ओरखडा मात्र कोणत्याहि बाजारांत विकत मिळत नाहीं.