इन्सर्ट झालं, पण आयडी कुठंय?

आजचा भाग छोटा आहे, थेट विषयावर येतो.

समजा, डब्याच्या ऑर्डर घेणारं एक अ‍ॅप आहे. ऑर्डरच्या टेबलमध्ये रो टाकली, तिला नंबर डेटाबेसनेच दिला, म्हणजे आपलं ऑटो इन्क्रिमेंट. आता पोळ्या किती, भाजी कोणती हे दुसऱ्या टेबलमध्ये लिहायचंय आणि तिथे तोच ऑर्डर नंबर लागतो. तो आणायचा कुठून?

बरेच जण सरळ 'सिलेक्ट मॅक्स आयडी' मारतात. लॅपटॉपवर एकट्याने टेस्ट करताना ते मस्त चालतं. पण दुपारी बाराच्या गर्दीत तुमची रो ५०१ नंबरने पडली आणि तुम्ही मॅक्स विचारायच्या आत दुसऱ्या कुणाची ५०२ आली, की तुमची भाजी त्याच्या ऑर्डरला चिकटली. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. जैन डबा मागवणाऱ्याच्या हातात कांदा-लसणाची भाजी, आणि डेटा उघडून बघाल तर दिसायला अगदी नीट!

मायएसक्यूएलमध्ये यासाठी 'लास्ट इन्सर्ट आयडी' हे फंक्शन आहे. ते कनेक्शनपुरतं असतं, शेजारच्या कनेक्शनने हजार रो टाकल्या तरी तुमचं उत्तर बदलत नाही. पण म्हणूनच ते त्याच कनेक्शनवर विचारावं लागतं. कनेक्शन पूलमध्ये इन्सर्ट एकावर गेलं आणि प्रश्न दुसऱ्यावर, तर शून्य तरी येईल, नाहीतर कुठल्यातरी जुन्या रोचा नंबर. आणि एकाच इन्सर्टमध्ये दहा रो टाकल्या, तर हे पहिल्या रोचा आयडी देतं. नाव मात्र 'लास्ट'!

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनो, तुम्ही 'अ‍ॅट अ‍ॅट आयडेंटिटी' सोडा, 'स्कोप आयडेंटिटी' घ्या. ट्रिगरने ऑडिट टेबलमध्ये रो टाकली, तर पहिलं तुम्हाला ऑडिटचाच नंबर देऊन मोकळं होतं.

मला विचाराल तर पोस्टग्रेसची पद्धत सगळ्यात सुटसुटीत. इन्सर्टच्या शेवटी 'रिटर्निंग आयडी' लिहा, त्याच फेरीत नंबर परत, दहा रो असतील तर दहाही. एसक्यूलाइटमध्येही हे २०२१ पासून, ३.३५ व्हर्जनमध्ये आलंय. जावामध्ये 'गेट जनरेटेड कीज' आहे, फक्त स्टेटमेंट बनवतानाच आपल्याला की हवी आहे हे सांगायचं.

आज तुमच्या प्रोजेक्टमध्ये 'मॅक्स' सर्च करून बघा. काय सापडलं ते व्हॉइस नोटवर कळवा, पुढच्या भागात घेऊ.