फुलस्केप : कागदाचे माप आणि नाव



अर्ज, करारमदार आणि हिशेब यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या फुलस्केप कागदाचा फुलांशी काहीएक संबंध नाही. मूळ इंग्रजी शब्द 'फूल्स कॅप', म्हणजे विदूषकाची टोपी. पूर्वी युरोपात कागद तारांच्या साच्यावर हाताने गाळीत. साच्यावर तारेची आकृती बसविली की तेथे लगदा पातळ बसे आणि कागद उजेडासमोर धरताच ती आकृती उमटून दिसे. हेच जलचिन्ह. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील फाब्रियानो येथे ही पद्धत रूढ झाली. पुढे चिन्हाचेच नाव मापाला चिकटले. मुकुटाचे चिन्ह तो क्राउन, १५ बाय २० इंच. टपालाच्या शिंगाचे चिन्ह तो पोस्ट. घुंगरांच्या टोपीचा तो फुलस्केप, साडेतेरा बाय १७ इंच. त्याला एक घडी घातली की साडेआठ बाय साडेतेराचे परिचित पान मिळते. 'डेमी' हे नाव मात्र चिन्हावरून नव्हे, तर 'अर्धा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आले.

१६४९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाल्यावर विजयी पक्षाने कागदावरील राजमुकुट काढून तेथे विदूषकाची टोपी घातली, अशी एक आख्यायिका सांगतात. कथा चटकदार खरी. परंतु टोपीचे जलचिन्ह पंधराव्या शतकातील जर्मन कागदावर आढळते आणि चार्ल्सचा जन्म १६०० चा! चांगली गोष्ट पुराव्यापुढे टिकत नाही, ती अशी.

याहून मोलाची हकिकत बोलोन्या नगरीची. तेथे १३८९ च्या सुमारास कागदाची चार मापे संगमरवरी शिळेवर प्रत्यक्ष आकारात कोरण्यात आली. सर्वांत मोठे इंपीरियल, सुमारे ७४ बाय ५० सेंटिमीटर. सर्वांत लहान सुमारे ४५ बाय ३२. कागद कमी भरल्याची शंका आली, तर शिळेवर पसरून पाहावा. गजामागे दोन बोटे मारण्याची खोड केवळ कापडबाजारातच असते असे नव्हे! शिळेला ना भीड, ना उधारी.

१९२२ मध्ये जर्मनीत 'ए' मालिका प्रमाणित झाली. तिच्यात कागद निम्मा केला तरी लांबी-रुंदीचे प्रमाण बदलत नाही. २०२० मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही ए-४ कागद स्वीकारला. मराठी ग्रंथव्यवहारात मात्र 'डेमी १/८' आणि 'क्राउन' ही नावे अद्याप सुखाने नांदत आहेत.